दोन इंच

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही ताईने गिऱ्हाइकांची मापं लिहायला आणली होती, ती मी मागून घेतली. इतकी वर्षं लिहावंसं काही घडलंच नाही. आज घडलं.

सकाळी एका निर्मिती-व्यवस्थापकाचा फोन आला. एक दिग्दर्शिका तिचा सिनेमा खऱ्या रिळावर काढते आहे. हल्लीची मुलं छोट्या पडद्यावर बघून फोकस ओढतात, म्हणजे नटाचा चेहरा स्पष्ट राहील अशी लेन्स फिरवत राहतात; नुसत्या मोजायच्या टेपवर आणि हातावर ओढणारं कुणी मिळत नाही, तर मी दोन आठवडे येईन का, असं तो विचारत होता. कॅमेऱ्यावर कोण आहे, असं मी विचारलं. त्याने नाव घेतलं आणि वर म्हणाला, त्यांनीच तुमचं नाव सुचवलंय.

आमच्या धंद्यात त्या माणसाला खांब म्हणतात. कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा राहिला की हलत नाही म्हणून. शॉटच्या आधी तो स्वतःच्या बुटांभोवती खडूने रेघ मारतो, चालत येतो आणि बरोब्बर त्या रेघांत येऊन थांबतो. लोक त्याचं कौतुक करतात. मी करत नाही.

चौदा वर्षांपूर्वी मी त्याच्या हाताखाली होते. एका म्हाताऱ्या नटाचा क्लोजअप होता, त्यांच्या आयुष्यातला शेवटचा. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. चार दिवसांनी रीळ धुऊन आलं आणि आम्ही सगळे अंधाऱ्या खोलीत बघायला बसलो. त्यांच्या कानावरचे केस मोजता आले असते इतके लख्ख होते आणि डोळे धुरकट. दिवे लागले. खांब उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझा कॅमेरा हलला नाही. फोकस गेलाय." एवढंच, आणि बाहेर निघून गेला.

मी टेपने मोजलं होतं आणि मोजलेल्या खुणेवरच लेन्स आणली होती. तो पुढे झुकला होता, दुसरं काही असूच शकत नाही. पाय खडूत असले तरी कंबरेतून माणूस दोन इंच सहज झुकतो, आणि त्या लेन्सवर दोन इंच म्हणजे डोळ्यांऐवजी कान. मी भेटेल त्याला हेच सांगत फिरले, पण खांब हलतो हे कोण मानणार? त्यानंतर मला एकही सिनेमा मिळाला नाही. लग्नं काढली, साबणाच्या जाहिराती काढल्या, आग विझवायची कशी याचे माहितीपट काढले.

फोन ठेवून दोन पेले पाणी प्यायले. मग व्यवस्थापकाला परत फोन लावून हो म्हणाले. ताई शिवणयंत्रावरून म्हणाली, "जा. चांगली जिरव त्याची."

६ फेब्रुवारी, गुरुवार

माळ्यावरून जुना टेप काढला. कापडी आहे, टोकाला पितळी कडी. कॅमेऱ्याच्या अंगावर, आत रीळ असतं बरोब्बर त्या रेषेत, एक छोटा खिळा असतो. कडी त्यात अडकवायची, टेप नटाच्या डोळ्यापर्यंत न्यायचा, आकडा वाचायचा आणि लेन्सवर पेन्सिलीने खूण करायची. हा टेप त्या शॉटनंतर मी कामावर वापरला नाही. लेझर घेतलं, मग पोलादी टेप घेतला. हा जपून ठेवला, पुरावा म्हणून. कुणाला दाखवायचा ते मात्र ठरलं नव्हतं.

ताईच्या हाताची शिवण अजून जशीच्या तशी आहे. त्याच आठवड्यात दारात अडकून टोक फाटलं होतं आणि मी रडकुंडीला आले होते. तिने फाटका तुकडा कापून टाकला, कडी पुन्हा लावली आणि असे बारीक टाके घातले की हात फिरवला तरी लागत नाहीत. ताईचं काम म्हणजे काम.

टेप बघून तिला पडद्यांची आठवण झाली. मधे एकदा, मापं घेऊन झाल्यावर, कापड कापताना स्वतःचा टेप सापडेना म्हणून तिने माझा वापरला होता आणि समोरच्या बाईंचे पडदे सगळेच्या सगळे आखूड झाले होते. त्या बाईंनी जिन्यात उभं राहून तमाशा केला होता. ताई अजून त्या कापडवाल्याला शिव्या घालते, न भिजवलेलं कापड गळ्यात मारलं म्हणून. आम्ही दोघी पोट धरून हसलो. आमच्या घरात राग टिकतो तसं दुसरं काही टिकत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

यंत्रांच्या खोलीत भेट झाली. केस पिकलेत, गुडघ्याला पट्टा आहे. मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल. "लेन्सेस तपासून घे," एवढंच म्हणाला. जणू मी मागच्या आठवड्यातच घरी गेले होते.

पोलादी टेपने सगळ्या लेन्सेस तपासल्या. एकीची खूण अर्ध्या बोटाने सरकलेली होती, ती मी दुरुस्त केली. तो शेजारी स्टुलावर बसून बघत होता. मग विचारलंन, "तुझा तो कापडी टेप कुठाय?" मी म्हटलं, घरी आहे. त्याने मान हलवली आणि काचा पुसायला लागला. म्हणजे आठवतंय त्याला. आठवतंय आणि तोंडातून शब्द निघत नाही. आतल्या आत दातओठ खाऊन घेतले.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. इथे खोटं लिहून उपयोग नाही, मला मजा आली. तो चालत येतो तेव्हा त्याच्या श्वासावरून कळतं की आता थांबणार, आणि माझा हात त्याच्याबरोबर थांबतो. चौदा वर्षं साबणाच्या वड्यांवर फोकस लावूनही हात विसरला नाही. सहा शॉट झाले, सहाही शार्प असणार, पैज लावते.

याचाच राग आला. हे माझं काम होतं, माझ्या हक्काचं, आणि एका वाक्यात त्याने ते काढून घेतलं.

कट म्हटल्यावर तो कॅमेरा खाली ठेवतो तेव्हा धापा टाकतो. कुणी बघत नाही असं बघून भिंतीला टेकतो. मी बघते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गुरुवारच्या शॉटबद्दल दिग्दर्शिकेने आज सगळ्यांना समजावलं. नायिका आरशासमोर बसून स्वतःची वेणी कापते. वेणी खरी आहे, कमरेपर्यंत, चार वर्षं वाढवलेली. म्हणजे टेक एकच. खांब दारापासून कॅमेरा खांद्यावर घेऊन चालत येणार, तिच्या चेहऱ्याजवळ थांबणार आणि वेणी तुटल्यावर ती सरळ कॅमेऱ्यात बघणार. सगळा सिनेमा त्या दोन डोळ्यांवर उभा आहे, असं दिग्दर्शिका म्हणाली.

दोन डोळ्यांवर. यापेक्षा चांगला योग जुळून येणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बेत लिहून ठेवते.

शेवटच्या खुणेचं अंतर मोजायचं आणि लेन्स त्यापेक्षा दोन इंच अलीकडे लावायची. डोळे जातील, नाकाचा शेंडा लख्ख येईल. त्या वेळी कान आले होते, म्हणजे तो पुढे झुकला होता. या वेळी नाक येईल, म्हणजे सगळे म्हणतील, म्हातारा मागे गेला. गुडघा आहे, धाप आहे, कॅमेऱ्याचं वजन पेललं नाही. मला कुणी बोट लावणार नाही, कारण बाकीचे सगळे शॉट सुईसारखे शार्प असणार आहेत. त्याला स्वतःलाही शॉटच्या वेळी कळणार नाही. कॅमेऱ्यात डोळा लावून बघायची काच अंधारी असते, दोन इंचांचा फरक तिच्यात दिसत नाही. सोमवारी पडद्यावर दिसेल. मग दिवे लागतील आणि मी उभी राहून म्हणेन, "माझा फोकस गेलेला नाही. कॅमेरा हललाय." वाक्य पाठ झालंय.

मोजायचं मात्र त्याच कापडी टेपने. ज्या टेपवर माझा बळी गेला त्याच टेपने त्याचा जाऊ दे.

एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण लिहिते. दुपारी नायिका चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुम्ही टेप डोळ्याशी धरता ना, तेव्हा मला धीर येतो. वाटतं, आपल्याकडे कुणीतरी नीट बघतंय." मी म्हटलं, चहा गार होतोय. तिच्या वेणीचं मला वाईट वाटतं. पण माझीही चौदा वर्षं कापली गेली, ती कुणी वाढवून देणार आहे का?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झालं.

कापडी टेपची कडी खिळ्यात अडकवली, तेव्हा खांबाने टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टेप नायिकेच्या डोळ्याशी नेला. आकडा आला पाच फूट चार इंच. लेन्सवर खूण केली पाच फूट दोनवर.

त्याने बुटांभोवती खडू ओढला. वाकताना गुडघा वाजला तो सगळ्यांनी ऐकला. मग दारापाशी गेला, कॅमेरा उचलला, दिग्दर्शिका हळूच म्हणाली, चला. तो चालत आला. मी शेजारून चालले, डावा हात लेन्सवर. कात्री बोथट निघाली, वेणी तुटेना, ती दात आवळून कापत राहिली. वेणी तुटली आणि तिने वर पाहिलं तेव्हा सेटवर कुणी श्वास घेत नव्हतं. खांब बुटांच्या रेघांत उभा होता, तसूभरही न हलता. ते मी डोळ्यांनी पाहिलं. आणि माझा हात पाच फूट दोनवर होता.

कट झाल्यावर नायिका माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या तुटक्या केसांवरून हात फिरवला. घरी येऊन ताईला सांगितलं, झालं काम. तिने आनंदाने शिरा केला. मला दोन घासांपुढे गेला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

असं कसं झालं?

आज जेवणाच्या वेळी सगळे लांब टेबलांवर बसले होते. खांब ताट बाजूला सारून उठला. मला वाटलं, हात धुवायला चाललाय. तो उभाच राहिला आणि माझं नाव घेऊन म्हणाला, "काल हिचा जुना टेप पाहिला म्हणून बोलतो. चौदा वर्षांपूर्वी एक शॉट गेला, तेव्हा मी चारचौघांत हिच्यावर ढकललं. मी हललो नाही असं म्हणालो. खरं सांगायचं तर मला ते माहीत नव्हतं. आपण हललो की नाही हे कॅमेरा धरणाऱ्याला कळत नाही. बहुतेक मीच झुकलो असेन. चूक माझी धरा. हे तेव्हाच सांगायला हवं होतं." मग बसला आणि ताट पुढे ओढून भात कालवायला लागला.

सगळे माझ्याकडे बघत होते. प्रकाशयोजना करणारे दोघं टाळ्या वाजवायला लागले. मी काय केलं? मीठ मागितलं.

चौदा वर्षं हेच ऐकायचं होतं. ऐकलं. आणि आता सोमवारी ते रीळ पडद्यावर येणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. जाऊन सांगावं का? काय सांगू, मुद्दाम बिघडवलंय म्हणून? वेणी परत लागणार आहे का? ताई म्हणते, उशिरा मागितलेली माफी त्याच्याच घशात घाल, दया करायची नाही. दुपारभर भांडी घासली, स्वच्छ होती तीसुद्धा.

आता त्याची नाचक्की झाली तर मला ती बघवणार नाही. आणि नाही झाली तरी चैन पडणार नाही. अशी मी कुठे अडकले?

१७ फेब्रुवारी, सोमवार

शॉट शार्प आहे.

डोळे. दोन्ही डोळे, पापण्यांसकट. डाव्या डोळ्यातली लाल शीर दिसते, पापणीवर अडकलेला एक तुटका केस दिसतो. दिवे लागले तेव्हा दिग्दर्शिका रडत होती. खांब खुर्चीतून वळला आणि फक्त मान हलवली.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहून टाकते. संताप आला. वाटलं, सूडसुद्धा धड जमला नाही मला. शनिवारभर जीव जाळला त्याचं काहीच वाटलं नाही, आधी संताप आला. मग विचार करायला लागले. तो हलला असेल? नाही, मी स्वतः पाहिलंय, तो खडूत होता. लेन्सची खूण चुकीची असेल? नाही, ती मी स्वतः तपासली होती. मग उरलं काय?

घरी आले. ताई समोरच्या बाईंसाठी नवे पडदे शिवत होती, या वेळी स्वतःच्या टेपने. तिचा टेप मागितला, माझा त्याच्याशेजारी टेबलावर पसरला. दोन्हीची टोकं जुळवली आणि आकडे बघत गेले. तिच्या टेपवर एक फूट, माझ्यावर एक फूट दोन. तिच्यावर पाच, माझ्यावर पाच फूट दोन. टेबल संपलं तरी तेच.

फाटका तुकडा ताईने कापून टाकला होता. दोन इंच. माझा टेप दोनापासून सुरू होतो. त्याच्यावर पाच फूट चार आले तेव्हा खरं अंतर पाच फूट दोनच होतं, आणि लेन्स मी नेमकी तिथेच लावली होती.

दारात टेप फाटला तो सोमवार होता. मधले तीन दिवस मैदानावरचे लांबचे शॉट होते, तिथे दोन इंचांना कोण विचारतं? गुरुवारी म्हाताऱ्या नटाचा क्लोजअप. तो झुकला नव्हता. खांब हललाच नव्हता.

टेप दुरुस्त झाला की आधी दुसऱ्या टेपशी ताडून बघायचा, हे मी शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी सांगते.

ताईने विचारलं, काय मोजतेस एवढं. म्हटलं, टेबल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळे गेल्यावर यंत्रांच्या खोलीत गेले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मी दार लावून सांगितलं. दोन्ही टेप बाकावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हटलं, "सर, तुम्ही हलला नव्हता."

टेप फाटल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा चढवला, आकडे बघितले आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, छान शिवलंय. मग टेप गुंडाळायला लागले. मला वाटलं, सुटले. मग त्यांचे ओठ हलायला लागले, आकडे मोजताना हलतात तसे. आता काय येणार ते मला कळलं.

"गुरुवारी हाच टेप होता?"

"हो."

"मग शॉट शार्प कसा आला?"

मी खाली त्यांच्या बुटांकडे बघत राहिले. कडेला अजून खडू लागलेला होता.

"दोन इंच," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. "मुद्दाम."

मी हो म्हटलं. त्यांनी लेन्सच्या पेटीचं झाकण लावलं, एक कडी अडकवली, दुसरी अडकवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चौदा वर्षांत ओरडायला मी किती तयारी करून ठेवली होती, तिच्यातला एक शब्द उपयोगी पडला नाही. पेटी उचलून दाराशी गेल्यावर ते म्हणाले, "उद्या साडेसात. नायिकेचा क्लोजअप आहे. टेप माझा वापरू."

१९ फेब्रुवारी, बुधवार

शेवटचा दिवस. साडेसातला पोचले तेव्हा त्यांनी खडू ओढून ठेवला होता. स्वतःच्या टेपची कडी त्यांनी स्वतःच खिळ्यात अडकवली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मी ते नायिकेच्या डोळ्याशी नेलं. तिचे केस आता मानेपर्यंत आहेत, छान दिसतात. आकडा मी वाचला, मग त्यांनी वाकून पुन्हा वाचला. वाकताना गुडघा वाजला. आधी कधी त्यांनी माझा आकडा पुन्हा वाचला नव्हता. तेवढं मला सोसायलाच हवं.

जेवणाच्या वेळी मी उभी राहिले. टेपचं सगळ्यांना सांगितलं. सर हलले नव्हते, चूक माझी होती, तेव्हाही आणि नंतर त्यांच्याबद्दल बोलत फिरले तेव्हाही. गुरुवारचं सांगितलं नाही. ते खाली बघून जेवत राहिले आणि त्यांनीही सांगितलं नाही. मीठ मात्र माझ्याकडे सरकवलं.

घरी आले तर ताई पडद्यांची शेवटची दुमड घालत होती. या वेळी पडदे जमिनीला टेकत होते. दाराकडे न बघता तिने विचारलं, "मग, जिरली का?"

मी जुना टेप पिशवीतून काढला आणि तिच्या मागच्या कपाटात, कातरणांच्या डब्यात ठेवला. तिने बघितलं नाही.

"जिरली," म्हटलं.

कुणाची, ते तिने विचारलं नाही.